चंद्र त्यांचा, झाडू तुमचा

पत्र : नमस्कार. सिंगापूरच्या सेंगकांगमध्ये एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या घरात राहायला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. ब्लॉकच्या आरसीत, म्हणजे रहिवाशांच्या समितीत, मी दोन वर्षं काम करते, आणि यंदाचा मूनकेक फेस्टिव्हल, चिनी शेजाऱ्यांचा पौर्णिमेचा सण, माझ्या गळ्यात पडला आहे. मी हौसेने बेत आखला : आपली कोजागिरी आणि त्यांचा सण एकत्र करून 'चंद्रोत्सव'. स्टेज, दोन निवेदक, मुलींचा नाच, चंद्रावरच्या देवीची नाटिका, आणि दीडशे माणसांना प्रत्येकी एक मूनकेक, एक कप मसाला दूध. सजावटीला पांढरे कागदी कंदील. बैठकीत तिन्ही चिनी आजींनी माना डोलावल्या, पण तेव्हापासून एकीनेही फोन उचललेला नाही. त्यात २५ सप्टेंबरलाच अनंत चतुर्दशी आणि घरी दहा दिवसांचा गणपती. शिवाय आम्ही शाकाहारी. मूनकेकमध्ये नक्की काय असतं तेही धड माहीत नाही. माझं कुठे चुकलं?

उत्तर :

ताई,

बाकीचं नंतर, आधी ते पांढरे कंदील. मागवले नसतील तर मागवू नका, मागवले असतील तर दिवाळीला आपल्या घरात लावा. व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, पांढरा कंदील टांगलेला दिसला की चिनी माणसाच्या मनात एकच येतं : या ब्लॉकमध्ये कोणीतरी गेलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी हा पराक्रम मी स्वतः केलेला आहे. लाल-सोनेरी मला भडक वाटायचं, म्हणून मोठ्या रसिकतेने पंचवीस पांढरेशुभ्र गोल कंदील खांबाखांबाला बांधले. आठव्या मजल्यावरचे अंकल लिफ्टमधून बाहेर आले, थबकले, हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "कुणाच्या घरी झालं?" पुढच्या वीस मिनिटांत सगळे कंदील उतरले. कोणी रागावलं नाही, कोणी बोललंही नाही. ती खाली ठेवलेली पिशवी मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता आजी. त्या फोन का उचलत नाहीत, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही त्यांना त्यांच्याच सणाचं आमंत्रण दिलंत. अशी कल्पना करा, की एक उत्साही शेजारीण तुमच्याकडे आली आणि म्हणाली, यंदा तुमचा गणपती आम्ही बसवतो, आरतीनंतर आमच्या मुलींचा नाच ठेवलाय, आणि सगळ्यांना आपलं वाटावं म्हणून नाव दिलंय 'हत्ती महोत्सव'. तुम्हीसुद्धा मान डोलावली असती, आणि घरी येऊन फोन उलटा घालून ठेवला असता.

तुमचा हेतू वाईट नव्हता, हे त्यांनाही कळतं. पण तो 'चंद्रोत्सव' शब्द तेवढा मागे घ्या. कोजागिरीला तिची स्वतःची रात्र आहे, तिच्याकडे मी शेवटी येते. या रात्रीच्या यजमान त्या तिघी. तुम्ही परवानग्या काढा, टेबलं मांडा, हिशेब ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी झाडा. हे कमीपणाचं वाटत असेल तर आपल्या गणेश मंडळात मांडव घालणारा माणूस आठवा. त्याच्यावाचून काही अडत नाही असं एक वर्ष तरी गेलंय का?

तर येत्या आठवड्यात तिघींच्या घरी जा, वेगवेगळं जा, फळं घेऊन जा आणि कार्यक्रमाचा कागद मात्र नेऊ नका. एवढंच विचारा, की तुमच्या लहानपणी या रात्री काय करायचे. तीन घरी तीन उत्तरं मिळतील. सिंगापूरचे चिनी म्हणजे एकजिनसी मंडळी नव्हेत. कोणी होक्किएन, कोणी तिओच्यू, कोणी कँटोनीज, आणि प्रत्येकीला आपलीच पद्धत खरी वाटते, जशी आपल्याकडे पुरणात गूळ की साखर यावरून घरं दुभंगतात. तिओच्यू आजी सांगेल की खरा मूनकेक पापुद्र्यांचा, आत अळकुडीच्या जातीच्या कंदाचं गोड सारण. कँटोनीज आजी म्हणेल, छे, वरून नक्षीचा, आत कमळबियांचं सारण आणि मधोमध खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक, म्हणजे पुन्हा चंद्रच. भांडू द्या त्यांना. तुमच्या कार्यक्रमाचा निम्मा मजकूर त्या भांडणातून निघेल.

होक्किएन आजीला आणखी एक विचारा : सहा फासे आणि चिनी मातीचा वाडगा. होक्किएन लोकांचं मूळ फुजियान प्रांताच्या दक्षिणेला, आणि तिथल्या शामेन शहरात या सणाला घरोघर एक खेळ रंगतो. वाडग्यात सहा फासे टाकायचे, पडेल त्याप्रमाणे बक्षीस. बक्षिसांची नावं जुन्या राजदरबारी परीक्षेतल्या पदव्यांवरून ठेवलेली, आणि संख्या ठरलेली : सर्वांत लहान ३२, त्यावरची १६, मग ८, ४, २ आणि सर्वांत वर एकच, चुआंग-युआन, म्हणजे परीक्षेत देशात पहिला आलेला. एकूण ६३. गंमत अशी, की चार हा आकडा चिनी माणूस एरवी टाळतो, कारण त्याचा उच्चार 'मृत्यू'च्या शब्दाजवळ जातो. पण या खेळात चारच राजा. एक चार पडला की छोटं बक्षीस, चार चौके पडले की पदवी तुमची. सिंगापुरात हा खेळ सगळ्या घरांत दिसत नाही, पण आजीला येत असेल तर लॉटरी लागली समजा. भाषा लागत नाही, स्टेज लागत नाही, साठीच्या बाईला आणि सहा वर्षांच्या पोराला एकाच टेबलाशी बसवतो. बक्षीस म्हणून टूथपेस्ट, साबण, बिस्किटांचे पुडे पुरतात, आणि फासे वाडग्यात खणखणले की लिफ्टकडे निघालेली माणसं आपोआप वळतात.

तेव्हा स्टेज काढून टाका. या सणाचा गाभा फार साधा आहे. आठव्या चिनी महिन्याची पौर्णिमा, घरची माणसं एकत्र जेवतात, मग बाहेर बसून चहा, फळं, मूनकेक आणि चंद्र. 'थुआन-युआन' हा त्यांचा शब्द, त्यात गोल असणंही आलं आणि घरचे सगळे एकत्र असणंही. त्या रात्री ९० मिनिटं खुर्चीत बसून निवेदकांचे विनोद ऐकायला लावणं म्हणजे कोजागिरीला गच्चीवर प्रोजेक्टर लावण्यासारखं आहे. खासदार येणार असतील तर दोन मिनिटांचं भाषण उभ्याउभ्याने, आणि लगेच त्यांच्या हातात कंदील.

तारखेचा तुमचा पेच मात्र मला वाटला तेवढा अवघड नाही. यंदा सण शुक्रवारी, २५ सप्टेंबर २०२६ ला आहे. चीनमध्ये २००८ पासून या दिवशी सार्वजनिक सुटी असते, सिंगापुरात नसते. म्हणजे शुक्रवारी लोक ऑफिसातून निघून थेट आईवडिलांच्या घरी जेवायला जाणार. त्या जेवणाशी स्पर्धा करू नका. ब्लॉकचा कार्यक्रम शनिवारी, २६ ला ठेवा. चिनीत म्हणच आहे, की पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला जास्त गोल. यंदा तर ती अक्षरशः खरी ठरते, कारण पूर्ण चंद्राची घटका शनिवारच्या मध्यरात्रीनंतर, रविवार उजाडताना एकच्या सुमाराला आहे. हे आजींना सांगून पाहा. मात्र 'मी ठरवलं' म्हणू नका, 'चालेल का' म्हणा. त्या नाहीच म्हणाल्या तर आदला शनिवार, १९ तारीख. तेव्हा तुमच्या घरी गणपती असेल, पण विसर्जन नसेल.

आणि हो, यातली मौज तुमच्या ध्यानात आली का? १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी. त्या रात्री चुकून चंद्र दिसला तर आळ येतो म्हणून आपण खिडकीकडे पाठ करून बसणार, आणि अकरा दिवसांनी तोच चंद्र बघायला शेजारी माना उंच करणार. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, त्यांचा हा सण ६ ऑक्टोबरला आला, थेट कोजागिरीवर, कारण त्यांच्याकडे तेव्हा सहावा महिना दोनदा झाला होता. त्यांनाही अधिक महिना असतो, आपल्यासारखाच, पण दरवेळी दोघांचा एकाच वर्षी पडत नाही. यंदा आपला अधिक ज्येष्ठ येऊन गेला, त्यामुळे गाडी पुन्हा भाद्रपदावर.

तयारीच्या वेळापत्रकात एक खड्डा आहे, तो सांगून ठेवते. १३ ऑगस्ट ते १० सप्टेंबर हा त्यांचा सातवा महिना. या महिन्यात भुकेले आत्मे पृथ्वीवर येतात असं मानतात. ब्लॉकखाली कागदी नोटा जाळतात, फुटपाथच्या कडेला फळं, भात, उदबत्त्या ठेवतात. आपला पितृपक्ष पौर्णिमेनंतर येतो, त्यांचं हे आधी होऊन जातं. जुनी माणसं या काळात शुभकार्य धरत नाहीत. तुम्ही पत्रव्यवहार करा, मूनकेक नोंदवा (मॉलमध्ये स्टॉल ऑगस्टपासूनच लागतात), पण लाल कंदील टांगणं आणि ढोल वाजवून शुभारंभ करणं ११ सप्टेंबरनंतरच. त्या महिन्यात मैदानात गाण्यांचा तंबू दिसला आणि पुढची रांग रिकामी दिसली तर तिथे बसू नका. ती रिकामी नसते.

टाउन कौन्सिलची परवानगी लवकर घ्या आणि जागेचा दुसरा पर्याय हाताशी ठेवा, कारण व्हॉइड डेक लग्नालाही असतं आणि मयतालाही. चिनी घरचा शोकविधी तीन, पाच, सात असे विषम दिवस चालतो आणि तो कोणाला विचारून येत नाही. तुमच्या ब्लॉकखाली त्या दिवशी तंबू लागलाच तर मुकाट्याने शेजारच्या ब्लॉकला जा. पावसाचंही भागतं, डोक्यावर छत असतं.

आता खाणं. प्रत्येकी एक मूनकेक हे वाचून मी हसले. ताई, तो तळहाताएवढा दिसणारा केक म्हणजे साखर आणि तेल दाबून बसवलेली वीट आहे. एकाचे आठ तुकडे करतात आणि एक तुकडा चहाबरोबर माणसाला पुरतो. दीडशे माणसांना वीस मूनकेक, म्हणजे चारांचे पाच डबे. हॉटेलच्या रेशमी डब्यांच्या वाटेला जाऊ नका, ते सत्तर-ऐंशी डॉलरच्या पुढे सहज जातात आणि त्यातले कित्येक पैसे त्या डब्याचेच असतात. वस्तीतल्या बेकरीचे घ्या. सणाच्या दुसऱ्या दिवशी भाव कोसळतात, तेव्हा शनिवारी सकाळी घेतले तर स्वस्त पडतील असा विचार तुमच्या मनात येईल. येऊ देऊ नका. आजी डबा बघूनच ओळखतात.

तुमचा शाकाहाराचा प्रश्न अगदी योग्य आहे. पारंपरिक मूनकेकच्या सारणात आणि पापुद्र्यात डुकराची चरबी असू शकते, तिओच्यू प्रकारात तर जुन्या पद्धतीने हमखास. अंड्याचा बलक वर सांगितलाच. हॉटेलच्या काही स्नोस्किन, म्हणजे न भाजलेल्या, प्रकारांत दारूही असते. आणि तुमच्या ब्लॉकमध्ये मलय घरं असणारच. १९८९ पासून एचडीबीत वंशवार प्रमाण ठरवून घरं दिली जातात, त्यामुळे एकाच वंशाचा ब्लॉक इथे नसतोच. म्हणून मुख्य ऑर्डर हलाल प्रमाणपत्र असलेल्या बेकरीला द्या, मुईसचा, म्हणजे इथल्या इस्लामी धार्मिक परिषदेचा, शिक्का बघून. त्यात बलक नसलेले, लाल चवळीच्या किंवा कमळबियांच्या सारणाचे दोन डबे वेगळे मागवा, वेष्टनावरचे घटक स्वतः वाचा, सुरी वेगळी ठेवा. तिओच्यू आजीला स्वतःच्या हातचे आणायचे असतील तर त्यांना त्यांचं टेबल द्या आणि पाटीवर स्पष्ट लिहा. बाजारात पिंजऱ्यासारख्या छोट्या टोपलीत डुकराच्या आकाराची बिस्किटं मिळतात, मुलं त्यावर जीव टाकतात. आत चरबी नसली तरी ती सगळ्यांत वाटू नका. माशाच्या आकाराचीही मिळतात.

स्नोस्किन हा प्रकार भाजावा लागत नाही, फ्रीजमधला. त्याची कार्यशाळा ठेवा असं मी म्हणते, कारण तिथे तुमचा हात चालेल. भाजलेल्या चिकट तांदळाच्या पिठात पिठीसाखर, थोडं वनस्पती तूप आणि गार पाणी घालून पारी मळतात, सारणाचा गोळा भरून साच्यात दाबतात. लाकडी साचा टेबलाच्या कडेवर ठक्कन आपटला की नक्षीदार मूनकेक हातात. मोदकाचा साचा वापरलेल्या बाईला हे दोन मिनिटांत जमतं. फक्त लक्षात ठेवा, सिंगापूरच्या उकाड्यात अर्ध्या तासात ते गळपटतात, म्हणून बर्फाची पेटी हवी.

टेबलावर फळं मात्र भरपूर मांडा, आणि तिथे तुम्हाला घर आठवेल. मोठं हिरवट-पिवळं फळ म्हणजे पपनस, जे आपल्याकडेही गणपतीच्या सुमाराला बाजारात येतं. त्याचं चिनी नाव 'आशीर्वादा'च्या शब्दासारखं वाजतं. साल चार पाकळ्यांत अखंड सोलून पोरांच्या डोक्यावर टोपीसारखी घालतात. ही सोलण्याची कला आजींकडून शिकून घ्या. आणि म्हशीच्या शिंगांसारखं काळंकुट्ट काहीतरी उकडलेलं दिसेल, त्याला घाबरू नका. तो आपल्या शिंगाड्याचा सख्खा भाऊ आहे.

नाटिकेऐवजी गोष्ट. छांग-अ ही हौ यी या धनुर्धराची बायको. आकाशात दहा सूर्य उगवले, त्याने नऊ पाडले, बक्षीस म्हणून अमृत मिळालं, ते तिने प्यायलं आणि ती चंद्रावर गेली. का प्यायलं? कोणी म्हणतं लोभाने, कोणी म्हणतं नवऱ्याच्या दुष्ट शिष्याच्या हाती पडू नये म्हणून. एक आजी एक बाजू सांगेल, दुसरी दुसरी. तिच्या सोबतीला चंद्रावर औषध कुटणारा ससा. इथे तुम्ही एक वाक्य बोललात तर चालेल : आमच्याही आज्ज्या चंद्रावर ससा दाखवायच्या, म्हणून चंद्राला आम्ही शशांक म्हणतो. मोठ्या मुलांना सांगा, की चीनने चंद्रावर धाडलेल्या यानांची नावं छांग-अ आहेत, २०१३ मध्ये उतरलेल्या गाडीचं नाव यू-थू, म्हणजे तोच ससा, आणि २०२४ मध्ये छांग-अ ६ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची माती आणली.

कोडी हवीतच. कंदिलाला चिठ्ठी लटकवायची, ओळखेल त्याला खाऊ. जुनी चिनी कोडी अक्षरांवर बेतलेली असतात. एक सांगते : 'एका घासात गाईची शेपटी तोडली.' गाईच्या अक्षराची खालची शेपटी काढायची आणि तिथे तोंडाचं अक्षर, एक चौकोन, ठेवायचा. तयार होतं 'सांगणे'. हे फळ्यावर काढून दाखवायला निवृत्त मास्तर-अंकल शोधा, प्रत्येक ब्लॉकमध्ये एक असतोच. मलय, तमिळ कोडीही लावा. मराठी एखादं चालेल, एकच.

कंदील फेरी आठच्या आधी काढू नका. सात वाजता सूर्य मावळतो, चंद्रही त्याच सुमाराला उगवतो, पण पूर्वेला सोळा मजली ब्लॉक असेल तर तो तुम्हाला नऊपर्यंत दिसणार नाही. आधीच्या महिन्याच्या पौर्णिमेला खाली उतरून स्वतः बघून या, चंद्र कोणत्या दोन ब्लॉकांच्या फटीतून वर येतो ते. फेरी तिथे संपवा. सेलोफेनचे तारेवरचे कंदील घ्या. बॅटरीवर गाणी वाजवणारे प्लॅस्टिकचे नकोत, तीस कंदील तीस सुरांत किरकिरले की देवीसुद्धा चंद्रावरून उतरून जाईल. मेणबत्तीचे असतील तर पाण्याच्या दोन बादल्या, आणि मोठ्या पोरांवर नजर : मूनकेकच्या डब्यात मेण वितळवून पेटवण्याचा खेळ त्यांच्या बापांनीही केलेला आहे. फरशीवरचं मेण खरवडायला सकाळी जुनी पट्टी घेऊन तुम्ही उतरा. अंकलांनी मला माफ केलं ते त्या सकाळी, आणि बोलून नव्हे. स्वतःची पट्टी घेऊन शेजारी बसले.

राहिली कोजागिरी. ती यंदा महिनाभराने आहे. तिघी आजींना घरी बोलवा, ब्लॉकला नको, फक्त त्यांना. मसाला दूध आटवा, केशर घाला, साखर नेहमीच्या निम्मी. कप लहान ठेवा, पुष्कळ चिनी वृद्धांना दूध पचत नाही, आणि एखादीने नुसतं ओठाला लावून ठेवलं तर आग्रह करू नका. एखादी पिऊन म्हणाली, "फार गोड नाही," तर हिरमुसू नका. त्यांच्याकडे गोड पदार्थाला याहून मोठी दाद नाही.